तांत्रिकदृष्ट्या संपावर

सकाळी सव्वाअकराला आपल्या सोसायटीत काय काय चालतं, हे मला एकोणीस वर्षं ठाऊक नव्हतं. कोथरूडहून साडेआठला निघायचं, निम्मं आयुष्य भूमकर चौकात घालवायचं, उरलेलं हिंजवडीत घालवायचं आणि रात्री घरी येऊन गार पोळ्या गरम करायच्या, असा क्रम होता. पहिल्या मजल्यावरचे आजोबा सव्वाअकराला बाकावर येऊन बसतात, वॉचमन पंपाच्या खोलीत हळूच डबा उघडतो आणि ओल्या-सुक्या कचऱ्यावरून रोज एक लहानसं पानिपत होतं, याचा पत्ता मला लागला तो एका मंगळवारी.

मंगळवार आमचा घरून काम करायचा दिवस. नेमका तो निवडण्यात कंपनीचा चांगुलपणाच असणार. ऑफिसात बोलावून काढलं असतं तर भूमकर चौकातून दोनदा जावं लागलं असतं.

'क्विक सिंक' नावाचं पंधरा मिनिटांचं निमंत्रण आलं होतं. निमंत्रणात अजेंडा नसेल आणि एचआरचं नाव असेल, तर ते नाव हाच अजेंडा, हे आयटीतल्या कुणालाही कळतं. स्क्रीनवर एचआरची एक मुलगी होती, वयाने माझ्या नोकरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. माझा मॅनेजर कॅमेरा बंद करून बसला होता.

"सर, हे तुमच्याबद्दल नाहीये," ती म्हणाली. "तुमची पोझिशन रिडंडंट झाली आहे."

"म्हणजे पोझिशन जाणार आणि मी राहणार?"

तिने समोरच्या कागदावर खालीवर पाहिलं. हा प्रश्न कागदात नव्हता. मग कळलं की पोझिशन निघाली आहे आणि मला तिला पोचवायला जायचं आहे, तेही कायमचं. नोटीस दोन महिन्यांची, पगार चालू, कामावर यायची गरज नाही, चार वाजता लॅपटॉप बंद होईल. पंधरा मिनिटांची मीटिंग नऊ मिनिटांत आटोपली. वेळेआधी संपलेली माझ्या आयुष्यातली ती पहिलीच मीटिंग.

आता, मी बेसावध होतो असं कुणी समजू नये. दोन वर्षांपासून शेजारच्या क्युबिकलमधली माणसं एकेक करून विरळ होत होती आणि मी तयारी केली होती. 'सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला' हा मंत्र पाळून मी एक तक्ता बनवला होता. त्यात गृहकर्जाचा हप्ता, मुलीची फी, किराणा, अण्णांची औषधं, असं सगळं रंग देऊन मांडलेलं होतं. नोकरी गेली तर पहिल्या दिवशी काय करायचं, पहिल्या आठवड्यात काय, कुणाकुणाला फोन करायचे, कुठली कागदपत्रं लागतील, याची वेगळी पानं होती. तक्ता इतका देखणा झाला होता की मधूनमधून तो उघडून बघितला तरी धीर यायचा. ठेवला होता कंपनीच्या लॅपटॉपवर.

चार वाजता लॅपटॉप बंद झाला आणि संकटकाळाची सगळी योजना संकटासोबत गेली. त्याच्या पोटात अकरा वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, दोन अप्रेझलची पत्रं आणि का कोण जाणे मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो होते. एवढंच नाही, पीएफच्या खात्याला, म्युच्युअल फंडाला आणि गॅसच्या नोंदणीला मी कंपनीचाच ईमेल दिलेला होता. दोन दिवसांनी सिलिंडर संपला तेव्हा बायको म्हणाली, "नशीब, लग्नाच्या वेळी यांचा ईमेल विचारला नव्हता."

बाजूला ठेवलेल्या सहा महिन्यांचीही एक गोष्ट आहे. ते खरंच बाजूला ठेवले होते. पण बाजूला ठेवलेले पैसे घरात सगळ्यांना दिसतात. दीड महिना फ्रीजमध्ये गेला, दोन महिने स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांमध्ये. उरलेले अडीच महिने मात्र शाबूत होते, कारण ते कुठल्या बँकेत आहेत हे मी स्वतःच विसरलो होतो.

घरी सांगायचं होतं. बायको शाळेत, मुलगी शाळेत. घरात अण्णा आणि मी.

अण्णांचं वय सत्त्याहत्तर. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मी बातमी सांगितली तेव्हा ते पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "कुलूप लावलं?"

"नाही. व्हिडिओ कॉलवर सांगितलं."

"म्हणजे गेट उघडं आहे?"

"उघडंच आहे, पण माझं कार्ड चालणार नाही."

"बरंच सुधारलंय," अण्णा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

या विषयात अण्णांचा अधिकार मोठा आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अण्णा त्यांतले एक. मी चार वर्षांचा होतो. महिना-दोन महिन्यांत भोंगा वाजेल असं चाळीत सगळे म्हणत. भोंगा वाजला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. पण तो संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा आजपर्यंत झालेली नाही. म्हणजे आमचे अण्णा चाळीसहून अधिक वर्षं, तांत्रिकदृष्ट्या, संपावर आहेत. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही रिटायर कधी झालात?" की ते शांतपणे म्हणतात, "झालो नाही अजून."

त्यांच्या गिरणीच्या जागेवर आज काचेची इमारत आहे आणि तिच्यात माझ्यासारखी माणसं गळ्यात पट्टे घालून बसतात. त्यांतल्या एका कंपनीने माणसं कमी केल्याची बातमी आली होती तेव्हा अण्णांनी एवढंच म्हटलं, "जागाच तशी आहे ती."

दुपारी मी त्यांना आमच्या धंद्यातल्या 'बेंच'ची कल्पना समजावत होतो. एक प्रोजेक्ट संपतो, दुसरा मिळत नाही, मधल्या काळात माणूस बेंचवर. रोज यायचं, कुणी मागणी केली तर काम, नाहीतर बसून राहायचं.

"ही तर बदली," अण्णा म्हणाले. "बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा. कुणाचा खाडा पडला तर मुकादम आत घ्यायचा. नाहीतर घरी."

"पण बेंचवर पगार मिळतो अण्णा."

"मग आत घेऊन बाहेर ठेवतात तुम्हाला," ते म्हणाले. एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्याही मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये मिळाली नव्हती.

आणखी एक गंमत त्याच आठवड्यात कळली. मला वाटत होतं, काढून टाकलं म्हणजे कायद्याने काहीतरी भरपाई मिळतेच. मिळते, कामगाराला. छाटणी झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराचा हक्क आहे. पण व्यवस्थापकीय काम करणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. एकोणीस वर्षांत मला तीन बढत्या मिळाल्या. दुसरीच्या वेळी मी ऑफिसात पेढे वाटले होते. कायद्याच्या नजरेने पाहिलं, तर कामगार असण्याचे हक्क सुटले म्हणून मी ते पेढे वाटले होते. मला कंपनीने जे दिलं ते पत्रात लिहिलं होतं म्हणून दिलं. नेमणुकीचं पत्र आपण नोकरी लागताना वाचत नाही, सही करतो. वाचायची वेळ येते ती नोकरी जाताना, आणि तेव्हा ते लॅपटॉपमध्ये असतं.

ग्रॅच्युइटी मात्र मॅनेजरलाही मिळते. तिचं गणित मी अण्णांना घालून दाखवलं. शेवटचा मूळ पगार घ्यायचा, त्याला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं.

"सव्वीस कसले?"

"महिन्याचे कामाचे दिवस. रविवार सोडून."

"तू रविवारी काम करायचास की."

मी करायचो. शनिवारी करायचो, दिवाळीत करायचो, एकदा सत्यनारायणाला बसलेलो असताना कानात इयरफोन घालून अमेरिकेचा कॉल घेतला होता आणि गुरुजींनी 'मम' म्हणायला सांगितल्यावर 'येस, मम' म्हणालो होतो. कायद्याच्या लेखी ते दिवस झालेच नाहीत.

पीएफचं प्रकरण लांबलं. त्यात माझं नाव एक होतं, आधारवर दुसरं. फरक फक्त वडिलांच्या नावातल्या एका 'राव'चा. अण्णांना जन्मात कुणी 'राव' म्हटलं नव्हतं, गिरणीत तर नाहीच. ते पहिल्यांदा लागलं ते माझ्या पीएफच्या नोंदीत, आणि तिथेच अडलं. शिवाय कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती. ती कंपनीने भरायची असते, नाही भरली तर दोन महिन्यांनी आपणच भरता येते. मी भरली. स्वतःच्या हाताने तारीख टाकताना जरा चमत्कारिकच वाटलं. पैसे मात्र काढले नाहीत. हा माझ्या बुद्धीचा भाग नाही. "पीएफ काढून काहीतरी सुरू कर" असं मेव्हणा म्हणाला, आणि आजवर मेव्हण्याने सांगितलेलं न करण्याने माझं कधी नुकसान झालेलं नाही.

या सगळ्या धांदलीत खरी शर्यत लागली ती अण्णांच्या डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर वर्षभर सांगत होते आणि अण्णा "पिकू दे नीट" म्हणून टाळत होते, जणू आंबाच. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात मी आई-वडिलांसाठी जादा हप्ता भरत असे. आई गेल्यावर अण्णा एकटे राहिले त्यात. आता तो विमा माझ्या शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपणार होता, सिंड्रेलाच्या बग्गीसारखा. आणि बाहेर नवा वैयक्तिक विमा घ्यायचा तर मोतीबिंदूला सहसा दोन वर्षं थांबा म्हणतात, आधीच्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला.

शहाणी माणसं नोकरी चालू असतानाच स्वतःचा वेगळा विमा काढून ठेवतात, म्हणजे ती थांबायची वर्षं पगार येत असतानाच उलटून जातात. माझ्या त्या देखण्या तक्त्यात हा मुद्दा होता. पिवळ्या रंगात. पिवळा म्हणजे 'बघू'. निदान कंपनीचा विमा संपण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करता येतो, तेवढा मी केला.

मग घरात नोटीस पिरियड सुरू झाला. बायकोचे रखडलेले दोन दात, मुलीच्या पाठीचा एक्सरे, माझं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. दातांना आणि तपासण्यांना विमा नसतो हे बिल भरताना कळलं, पण एव्हाना आम्ही सुटलो होतो. मुलीने विचारलं, "बाबा, आपण आता गरीब का?"

"अजून सहा आठवडे नाही," मी म्हणालो.

अण्णांचा उजवा डोळा नोटिशीच्या पाचव्या आठवड्यात झाला. डाव्यासाठी डॉक्टरांनी महिनाभर थांबायला सांगितलं. हिशेब केला, मोजकेच दिवस कमी पडत होते. मी डॉक्टरांना गळ घातली. ते म्हणाले, "डोळ्याला नोटीस पिरियड नसतो हो." अशा रीतीने अण्णांचा उजवा डोळा कंपनीच्या खर्चाने सुधारला आणि डावा माझ्याबरोबरच बेकार झाला.

नोटीस संपली आणि खरी सव्वाअकराची वेळ सुरू झाली. पैशाचं काय ते मोजता येतं. या वेळेचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी घरात सुधारणा करायला घेतल्या. मसाल्यांचे डबे वर्णानुक्रमे लावले. फोडणी घालताना बायकोला हळदीच्या जागी हिंग आणि हिंगाच्या जागी ओवा सापडला तेव्हा तिने अत्यंत शांतपणे सांगितलं की प्रोजेक्ट मॅनेज करायला माणूस लागतच नाही असं कंपनीला वाटलं, त्यात काहीतरी तथ्य असावं.

कामाला येणाऱ्या मावशींनी तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी विचारलं, "दादा, काम सुटलं का?" इतक्या सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो.

"माझी पाच घरं आहेत," मावशी म्हणाल्या. "एक सुटलं तर चार राहतात. तुम्ही एवढे शिकलेले, एकच घर कशाला धरलंत?"

फरशी पुसून होईपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोसायटीत मी 'सध्या ब्रेक घेतलाय' असं म्हणायला लागलो. पुढच्या आठवड्यात 'थोडं कन्सल्टिंग' सुरू केलं. कुणाला सल्ला देतोय असं कुणी विचारलं नाही, कारण प्रत्येकजण मलाच द्यायच्या गडबडीत होता. पुण्यात नोकरी गेलेल्या माणसाला पहिला सल्ला मिसळीचा मिळतो. दुसरा चहाच्या फ्रँचायझीचा. तिसरा देणारा आवाज खाली करून म्हणतो, "गावाला जमीन आहे ना? ॲग्रो टुरिझम." मिसळीचं मला पटायला लागलं होतं. मी नावही ठरवलं होतं. रात्री जेवताना विषय काढला.

अण्णा म्हणाले, "संपाच्या दुसऱ्या वर्षी मी नाक्यावर वडापावची गाडी लावली. आठवतं?"

"आठवतं. तेच म्हणतोय."

"तुला गाडी आठवते. तुझी आई पहाटे चारला उठून दहा किलो बटाटे उकडायची, ते आठवतं का? मिसळ काढायला नोकरी जाणं पुरत नाही. चारला उठणारं माणूस लागतं." आणि त्यांनी एका सुधारलेल्या आणि एका न सुधारलेल्या डोळ्याने सुनेकडे पाहिलं.

सून म्हणाली, "मला सातची शाळा असते." मिसळ तिथेच निवली.

मग अर्ज. प्रोफाइलवर 'काम शोधतोय' असं जाहीर केलं की फोटोभोवती हिरवं कडं येतं. अण्णांनी फोन हातात घेऊन पाहिलं. "फोटोला हार घातलाय?" त्यानंतर मला ते कडं बघवेना. एकोणीस वर्षांचा अनुभव दोन पानांत बसवायला पाच दिवस लागले. एका ठिकाणी सांगितलं, अनुभव जास्त आहे. दुसरीकडे म्हणाले, योग्य अनुभव कमी आहे. तिसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या तरुणाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी सत्तेचाळीस वर्षांचा. खरं उत्तर 'मोतीबिंदूच्या रांगेत' असं होतं.

दोन महिने असे गेल्यावर एक दिवस सकाळी मी आठ वाजेपर्यंत अंथरुणातच होतो. अण्णा दारात येऊन उभे राहिले. ते आजही पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि बाकावर जाऊन बसतात.

"बदलीवाला घरी बसून राहिला तर मुकादमाला काय स्वप्न पडणार?" ते म्हणाले. "काम असो-नसो, गेटवर जायचं. तोंड दाखवायचं."

आमच्या धंद्याला गेट नाही. मी फोनची यादी काढली आणि रोज दोन माणसांना फोन करायचं ठरवलं. काम मागायला नाही, नुसतं तोंड दाखवायला. दाढी करून, शर्ट घालून, व्हिडिओ बंद असला तरी. पहिले काही फोन फार अवघड गेले, कारण यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. दीड वर्षापूर्वी आमच्याच टीममधल्या एकाला काढलं होतं. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. त्याने निरोपाचा मेसेज टाकला तेव्हा मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. फोन केला नव्हता. काय बोलायचं ते सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते संसर्गजन्य असेल अशी भीती वाटली होती.

त्याचा नंबर मी यादीत तीन वेळा खाली ढकलला. शेवटी यादीत खाली कुणी उरलंच नाही.

तो म्हणाला, "अरे, सव्वाअकरा वाजलेत. सोसायटीत कचऱ्याचं भांडण सुरू झालं का?"

आम्ही अर्धा तास बोललो. त्याच्या सोसायटीतही तेच होतं. त्यानेही मसाल्याचे डबे लावले होते. त्याला नोकरी मिळायला सात महिने लागले होते, त्यांतले पहिले तीन त्याने घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि वाचनालयात बसायचा. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला फोन करावा लागला असता. फोन ठेवताना तो म्हणाला, "आमच्याकडे एक जागा निघतेय. पोझिशन आहे हां, माणूस म्हणून नाही घेत." आणि मोठ्याने हसला.

ती जागा लगेच मिळाली नाही. चार फेऱ्या झाल्या, मधे एक महिना कुणी काही बोललं नाही, मग एका शुक्रवारी पत्र आलं. पगार आधीपेक्षा बराच कमी, ऑफिस बाणेरला. म्हणजे भूमकर चौक नाही. या गोष्टीला पैशात किती धरायचं यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत व्हायचं आहे.

या वेळी पत्र वाचलं. दोनदा. मग छापून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं, जिथे अण्णांचं गिरणीचं हजेरीकार्ड आणि म्हाडाच्या घरासाठी भरलेल्या अर्जाची पावती असते. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ ला निघाली. त्यानंतरच्या प्रत्येक सोडतीला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालतात.

संध्याकाळी त्यांना पेढा दिला. त्यांनी आधी विचारलं, "पाळी कुठली?" मग विचारलं, "कामगार की मॅनेजर?"

"मॅनेजर."

"असू दे," ते म्हणाले.

"आणि अण्णा, चांगली बातमी. इथल्या विम्यातही वडील घेता येतात. पहिल्या दिवसापासून. तुमचा डावा डोळा पुढच्याच महिन्यात करून टाकू."

अण्णांनी पेढा चावत थोडा विचार केला. उजवा डोळा मिटला, डाव्याने माझ्याकडे बघितलं, मग डावा मिटून उजव्याने बघितलं. दोन्हींत मी कितपत वेगळा दिसतो याचा अंदाज घेत असावेत.

"एवढ्यात नको," ते म्हणाले. "पुढच्या नोटिशीला असू दे काहीतरी."